चिंचोक्यांचं शहर

घोंगडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आमच्या दुकानात आधी पाणी मागायचं. पिण्यासाठी नव्हे. दोघांनी घोंगडीची चार टोकं धरायची, मध्ये झोळ पाडायचा आणि त्यात तांब्याभर पाणी ओतायचं. वीण घट्ट असेल, चिंचोक्याची खळ नीट बसली असेल, तर घोंगडी ते पाणी धरून ठेवते. खालून थेंब गळला की गिऱ्हाईक उठून चालू लागतं. आमचे आबा तर कुणी मागायच्या आधीच तांब्या पुढे सरकवायचे. नवी पेठेतल्या कापडवाल्यांच्या आणि सराफांच्या दाटीत आमचं दुकान म्हणजे चार फळ्यांचा आडोसा, पण त्या तांब्यावर त्याचं नाव टिकून होतं.

म्हणून तो माणूस पहिल्यांदा आला तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यानं घोंगडी उलगडली, तिच्यावरून हात फिरवला, नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाला, "ही द्या. आईला पायजे."

आबांनी तांब्या पुढे केला.

"नगं मामा," तो म्हणाला. "पाणी बघून बघून कटाळा आलाय."

सोलापुरात, भर चैत्रात, हे वाक्य! आमच्या गल्लीतल्या बायका पहाटेपासून घागरी रांगेत लावून बसायच्या आणि हा बाबा पाण्याला कंटाळला होता. मी त्याला नीट न्याहाळून घेतलं. तिशीच्या आसपासचा, काळा, रुंद खांद्यांचा. बोली आपलीच, माढ्याकडची. पण डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेलं, आणि ते गोंदण देवाचंही नव्हतं, नावाचंही नव्हतं, नुसत्या काळ्या रेघा आणि पट्टे. असलं गोंदण मी आपल्या मुलखात कुणाच्या हातावर पाहिलं नव्हतं.

हे तिसाव्या सालाच्या थोडं अलीकडचं-पलीकडचं. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. मराठी शाळा संपवून इंग्रजीच्या तीन इयत्ता केल्या होत्या आणि मग आबांच्या शेजारी गादीवर बसलो होतो. आमच्या सगळ्या भावकीत एवढं शिकलेला मी एकटा, त्यामुळे मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय अशी माझी ठाम समजूत होती. आमचं मूळ सांगोल्याकडचं. आजोबांची मेंढरं एका दुष्काळात गेली आणि आबा माग घेऊन शहरात आले. आई मी लहान असतानाच वारली होती. घरात तिघंच, आबा, मी आणि आक्का.

आक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तेराव्या वर्षी लग्न झालं, सतराव्या वर्षी नवरा तापानं गेला आणि ती परत आमच्याकडे आली. तेव्हापासून घर तीच बघायची. लोकर पिंजायची, सूत काढायची, खळ शिजवायची, भाकरी थापायची. आमच्यात विधवेचा पाट लावतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. दोनतीन स्थळं आलीही होती. एकाला खोकला होता, एकाला आधीची बायको होती. हे दोन्ही शोध माझेच, आणि आबा भेटेल त्याला माझ्या हुशारीचं कौतुक सांगत.

तर त्या दिवशी आबांनी सहज विचारलं, "एवढं पाणी कुटं बघितलंस बाबा?"

दुकानाच्या मागच्या दाराशी, घराच्या उंबऱ्यावर आक्का चिंचोके निवडत बसली होती. त्यानं तिच्या टोपलीतून मूठभर चिंचोके घेतले, मग आणखी एक मूठ, आणि नुकत्याच घेतलेल्या काळ्या घोंगडीवर एकेक करून मांडत गेला. मध्ये बेताबेताचं अंतर राखून, ओळीनं, पण अगदी सरळ ओळीतही नव्हे. चिंचोके शंभराच्या आतबाहेर झाले असतील.

"ह्यो हर एक चिंचुका म्हंजी एक बेट," तो म्हणाला. "लहान. तुमच्या ह्या पेठंतल्या दहाबारा घरांएवढं. दगडानं बांधून काढल्यालं. आन् मधी जे काळं दिसतंय ते समदं पाणी. रस्ता म्हणून न्हायच. ह्या बेटावरनं त्या बेटावर जायाचं तर होडी."

"म्हंजी आपल्या सिद्धेश्वराच्या देवळावानी?" आबांनी विचारलं. आमच्या गावात पाण्याच्या मध्ये उभं असलेलं दगडी बांधकाम तेवढंच.

"तसली शंभर धरा की."

मग त्यानं सांगितलं. भिंती दोन पुरुष, तीन पुरुष उंच. दगड आपल्या पाट्या-वरवंट्याचा असतो तसाच काळा, पण लांबलचक, सहा अंगांचा, पेन्सिलीसारखा. कुणी घडवलेला नाही, डोंगरातून तसाच निघतो. वखारीत लाकडं रचतात तसे ते दगड रचलेले, एक थर आडवा, एक थर उभा. चुना नाही, माती नाही. कुणी बांधलं, केव्हा बांधलं, कुणाला माहीत नाही. कधीकाळी तिथं राजे राहत, त्यांची थडगी आहेत. आता सगळं ओस. जवळच्या गावातली माणसं तिथं मोठ्यानं बोलतही नाहीत.

उंबऱ्यावरून आक्कानं विचारलं, "त्येच पाणी पीत हुती व्हय माणसं?"

मी चमकलो. परक्या माणसाशी ती कधी बोलायची नाही.

"न्हाय बाई," तो म्हणाला. "खारं पाणी ते. जिभंला लावू ने असलं. प्यायाचं पाणी त्यास्नीबी भाईरनंच आणाय लागत आसंल."

"म्हंजी एवढं पाणी असून बाईच्या डोक्यावरची घागर काय सुटली न्हाय!" आक्का म्हणाली आणि हसली.

सात वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हा माणूस बायकांना भुलवणारा आहे, एवढंच माझ्या डोक्यात आलं. थापाड्यानं ते पाणी गोड करून सांगितलं असतं, हे कळायला मला पुढे पुष्कळ वर्षं लागली.

त्याची हकीकत अशी होती. भावाशी भांडून तो माढ्याहून निघाला तो मुंबईत गोदीवर हमालीला लागला. जपानला कापूस नेणाऱ्या बोटींवर गाठी चढवता चढवता एका बोटीवर कोळसा ओढायचं काम मिळालं. तिकडच्या बंदरात तापानं पडला, बोट त्याला टाकून निघून आली. बरा झाल्यावर खोबऱ्याच्या एका लहान बोटीवर राहिला. ती बोट दूरदूरच्या बेटांवर जाऊन खोबरं भरून आणायची. त्यातल्याच एका बेटाच्या कडेला हे शहर. त्याचं नावही त्यानं सांगितलं, ते आमच्या कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. अकरा वर्षांनी तो परत आला होता.

त्यानंतर तो दर बाजारच्या दिवशी यायचा. घ्यायचा काहीच नाही. आबांशी मेंढरांच्या, पावसाच्या गोष्टी करायचा, आणि आक्काची टोपली उंबऱ्यावर असायचीच. एकदा मी मुद्दाम ती टोपली उचलून आत नेऊन ठेवली. दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा बाहेर आली.

लोकर बघायला जातो असं सांगून मी माढ्याला जाऊन आलो. माझा खरा धंदा चौकशीचा. त्याचं घर होतं. आई होती, डोळ्यांनी अधू. आमचीच घोंगडी पांघरून ओसरीवर बसली होती आणि माझा आवाज ऐकून "कोण रं बाबा, बस की, पाणी पी," म्हणाली. भावाशी भांडण झालं होतं हेही खरं निघालं. पारावर बसलेल्या एकानं मात्र डोळा मिचकावून सांगितलं, "अकरा वरसं कुटं हुता कुणाला ठावं? तुरुंगातबी असंल. हातावरचं गोंदण बघितलंसा न्हवं?" आई, घर, भांडण, हे सगळं मी माढ्यातच सोडून आलो आणि आबांसाठी फक्त तुरुंग घेऊन आलो.

आषाढात त्याचा चुलता रीतसर विचारायला आला. आक्काशी पाट लावायचा होता. माढ्यात घर, थोडी जमीन आणि आता परत कुठं जाणार नाही असा शब्द. आबांनी सांगोल्याहून माझ्या मामाला बोलावून घेतलं आणि एका दुपारी आम्ही बसलो. दुकानात दोन घोंगड्या अंथरल्या, एकीवर तो आणि त्याचा चुलता, दुसरीवर आम्ही तिघं. आक्का दाराच्या आड. आतून कसलाच आवाज येत नव्हता, म्हणजे ती अगदी न हलता उभी होती.

मामानं तुरुंगाचं विचारलं. तो चिडला नाही, नुसतं "न्हाय" म्हणाला. गोंदण कसलं? खोबऱ्याच्या बेटावरच्या एका म्हाताऱ्यानं काढलं, तिथं सगळे काढतात. बोटीवर काय खाल्लंस? मिळंल ते. बायको केलीस का तिकडं? न्हाय. सगळी उत्तरं अशी तोकडी. मला त्या तोकडेपणाचाच राग येत होता, कारण धरायला कुठं जागा सापडत नव्हती.

मग मामा म्हणाला, "बरं, त्या दगडाच्या गावात तू सोता हिंडलास का नुसतं ऐकलंस?"

"हिंडलो की. समदं गाव हिंडलो. चालत. एका बेटावरनं दुसऱ्यावर."

मी ताडकन ताठ बसलो. "चालत? त्या दिवशी आमाला सांगितलंस रस्ताच न्हाय म्हणून! होडीशिवाय जाता येत न्हाय म्हणालास की."

"व्हय. जाताना होडीनं गेल्तो. मग चालत हिंडलो."

"पाण्यावरनं?"

चुलत्यासकट सगळे हसले. तोही हसला. "न्हाय. चिखलातनं. घोट्याएवढं पाणी ऱ्हायलं हुतं."

"आन् सकाळी किती हुतं?"

"पुरुषभर."

"मग गेलं कुटं?"

"समुद्रात."

"आन् समुद्र कुटं गेला?"

तो थांबला. कपाळाला आठी घालून त्यानं खरोखरच विचार केला. "समुद्र म्हंजी... मागं जातोय. रोज. मग परत येतोय."

मामा मांडीवर थाप मारून हसला. आमच्या तळ्याचं पाणी उतरायला कार्तिकापासून वैशाखापर्यंत वेळ लागतो आणि परत भरायला देवाची मर्जी लागते. सकाळी पुरुषभर असलेलं पाणी दुपारी घोट्याला येतं आणि परत भरतं, तेही रोज, हे ऐकून आबांचंसुद्धा तोंड उतरलं.

"आन् होडी?" मी सोडलं नाही. "पाणी गेल्यावर होडीचं काय?"

"चिखलात बसती."

"मग परत कसा आलास?"

"थांबायचं," तो म्हणाला. "सा तास थांबायचं. पाणी येतंयच."

हे त्यानं माझ्याकडे बघून म्हटलं नाही. दाराकडे बघून म्हटलं. त्यामुळे मला जास्तच झोंबलं.

ते गेल्यावर मी आबांना आणि मामाला सगळं पुन्हा उलगडून दाखवलं. एकदा होडी, एकदा पाय. एकदा पुरुषभर, एकदा घोटा. जो माणूस एका गावाचं पाणी सारखं सांगू शकत नाही तो अकरा वर्षांचा हिशेब काय सांगणार? मामा सांगोल्याची गाडी धरायला निघाला तेव्हा जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारून गेला. घोंगडीतून पाणी गळताना पकडावं तसं मी त्याला पकडलं होतं.

आणि गंमत ही, की भरती-ओहोटी हा शब्द मला पाठ होता. चंद्राचं आकर्षण, सूर्याचं आकर्षण, दिवसातून दोन वेळा, सगळं. मराठी शाळेत भूगोलाच्या तासाला मी ते घडाघडा म्हणून दाखवलं होतं आणि मास्तरांनी शाबासकी दिली होती. पण माझ्या डोळ्यांपुढची भरती म्हणजे चुलीवरचं दूध जरा वर येऊन खाली बसतं तेवढीच. एक वीत, फार तर दोन. अख्ख्या शहराचे रस्ते उघडे पाडणारं पाणी त्या शब्दात मावेल असं मला कधी वाटलंच नाही. मी समुद्र पाहिला नव्हता. आमच्या घरात कुणीच पाहिला नव्हता.

संध्याकाळी आक्का चुलीपुढं बसली होती. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू एकडाव तुज्या मास्तरास्नी इचार की."

"काय इचारू?"

"पाणी जातंय-येतंय म्हणतोय, त्येच. त्यास्नी ठावं असंल."

स्वतःसाठी तिनं काही मागितल्याचं मला तेवढं एकच आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी निघालो. मास्तर सात रस्ता या चौकाच्या पलीकडे राहायचे. अर्ध्या तासाची वाट. सात रस्त्यावर आलो, एका टांग्याला वाट द्यायला बाजूला झालो आणि तिथंच उभा राहिलो. मनात काय चाललं होतं ते मला आजही स्पष्ट सांगता येतं. मास्तर "नाही" म्हणाले तर मला नवीन काही मिळणार नव्हतं. ते "हो, असं होतं" म्हणाले तर आक्का माढ्याला जाणार होती. मग आबांची भाकरी कोण करणार, खळ कोण शिजवणार, आणि मी दुकानातून घरात शिरल्यावर "हातपाय धू" म्हणायला कोण असणार? संशय, संशय म्हणून मी जे मिरवत होतो त्याच्या तळाशी एवढंच होतं. मला माझी बहीण सोडायची नव्हती.

मी माघारी फिरलो. घरी येऊन म्हणालो, "इचारलं. मास्तर हसले."

आक्कानं "बरं," म्हटलं आणि पेटत्या चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

माढ्याला नकार कळवला. तो एकदाच दुकानात आला. आबांनी मान खाली घातली होती, त्याला बस म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. तो उभ्या उभ्या म्हणाला, "मी हाय हितंच दिवाळीपतूर. इचार बदलला तर सांगा." नंतर तो बाजारच्या दिवशी पेठेतून जायचा, आमच्या दुकानाकडे न बघता. मी मात्र बघायचो. दिवाळी झाली. पुढच्या बाजारी तो दिसला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मुंबईला गेला, परत बोटीवर चढला, असं कुणीतरी सांगितलं. बघा, घर करायचंच नव्हतं त्याला, असं मी आबांना म्हणालो. त्यानंतर आलेल्या एका स्थळाला आक्कानं स्वतःच नाही म्हणून सांगितलं.

पाचसहा वर्षं गेली. माझं लग्न झालं, दोन मुलं झाली, ती आक्काच्याच अंगाखांद्यावर वाढली. आबा थकले आणि दुकान माझ्यावर आलं. मिरगाच्या आधी कोकणात घोंगड्यांना चांगलं गिऱ्हाईक असतं, तिकडचे शेतकरी पावसात खोळ करून डोक्यावर घेतात, असं कळलं म्हणून एका साली मी दोन गठ्ठे घेऊन निघालो. कोल्हापूरपर्यंत आगगाडी, तिथून मोटारीनं घाट उतरून रत्नागिरीकडे. एका खाडीच्या काठच्या गावात मुक्काम पडला.

सकाळी उठून काठावर गेलो. समोर नुसता चिखल पसरलेला. त्यात पाचसहा होड्या कुशीवर कलंडून पडलेल्या. गावाचा धंदा बसला असावा, होड्या टाकून दिल्या असाव्यात, असं मला वाटलं. अशा भिकारी गावात घोंगडी कोण घेणार म्हणून मी वैतागलो. पण घेतल्या लोकांनी. घरोघर हिंडलो, तांब्या मागून पाणी ओतून दाखवलं, एक गठ्ठा संपला. दुपारी जेवून त्याच वाटेनं परत आलो तर चिखल नाही. होड्या सरळ उभ्या, डुलत असलेल्या, आणि धक्क्याच्या पायऱ्यांना पाणी चाटतंय.

पहिल्यांदा मला वाटलं मी वाट चुकलो. मग वाटलं, कुठंतरी बांध फुटला असावा. काठावर एक म्हातारा जाळं विणत बसला होता, त्याला विचारलं, "हे पाणी कुठून आलं?"

त्यानं माझ्याकडे आणि माझ्या घोंगड्यांकडे बघितलं. "घाटावरचे दिसता. भरती आली."

"सकाळी तर इथं चिखल होता."

"मग? ओहोटी होती सकाळी."

"आता किती वेळ राहणार?"

"आता उतरायलाच लागेल. दिवस बुडताना पुन्हा चिखल बघा. सहा तासांचा खेळ तो."

माझा स्वभाव असा, की तरीही मी त्याचं ऐकलं नाही. पायऱ्यांवर बसून राहिलो. पाणी ज्या पायरीला लागलं होतं तिच्यावर एक खडा ठेवला. काही वेळानं तो खडा कोरड्यात उरला. मग खालच्या पायरीवर दुसरा ठेवला. दुसरा गठ्ठा विकायचा राहिला होता, तो तसाच राहिला. ऊन उतरेपर्यंत माझ्यापुढं खड्यांची एक ओळ झाली आणि एकेक होडी कलंडून चिखलात बसली. एक माणूस धोतर खोचून या काठावरून त्या काठाला चालत गेला. पाणी त्याच्या घोट्याला होतं.

मला रडू आलं, लपवण्यात अर्थ नाही. त्या म्हाताऱ्याला वाटलं माझ्या घरचं कुणी गेलं.

ते शहर खरंच तसं होतं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. शंभर बेटं असतील, साठ असतील, दगड सहा अंगांचे असतील किंवा नसतील. पण ज्या एका गोष्टीवर मी त्या माणसाला उठवून लावलं होतं, ती माझ्यापुढं पायऱ्यांवर मांडलेली होती.

घरी आलो तेव्हा आक्का परसात नवीन घोंगडी ताणून तिला खळ देत होती. तिच्या केसांत आता पांढरं दिसायला लागलं होतं. मी पायांतल्या वहाणाही न काढता तिच्याजवळ गेलो आणि सांगितलं. चिखल, होड्या, पायऱ्या, खडे, सगळं. ती कुंचा फिरवत ऐकत होती. एकाच जागी तिनं कुंचा दोनतीनदा फिरवला.

"किती येळ लागतोय म्हणालास?"

"सहा तास."

"त्येबी सा तासच म्हणालं हुतं," ती म्हणाली.

ती खळीच्या भांड्यात कुंचा बुडवून तसाच धरून होती.

"पर मास्तर हसलं हुतं म्हणालास की."

मला तेव्हा बोलता आलं असतं. इतक्या वर्षांनी का होईना, एक खरं वाक्य तिच्या पुढ्यात ठेवता आलं असतं. मी वहाणा काढायला खाली वाकलो. शेवटी तिनंच मला वाट करून दिली. "मास्तरास्नीबी ठावं नसंल. न्हाय का?"

"नसेल," मी म्हणालो.

आक्का माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. गिऱ्हाईक तांब्या ओतल्यावर घोंगडीच्या खालच्या बाजूकडे बघतं, तशी. मग तिनं नजर काढून घेतली.

"खळ वाळाय लागलीया," ती म्हणाली. "ते टोक धर."

मी टोक धरलं.